शेवटच्या फडाचं पाणी

नवलखेडे, ता. साक्री
९ जानेवारी २०२४

प्रिय हस्तीमल,

अत्यंत गंभीर विषयावर लिहीत आहे, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक असेल तर आधी त्याला वाटेला लाव.

आमच्या पाणी वापर संस्थेने काल मला समारंभपूर्वक एक बॅटरी, एक शिट्टी आणि गमबुटांचा एक जोड प्रदान केला. बॅटरी लागते. शिट्टी वाजते. गमबूट मात्र दोन्ही डाव्या पायाचे आहेत. 'जोड' म्हटलं की दोन वस्तू अभिप्रेत असतात हे मला मान्य; पण त्या एकमेकींना पूरक असाव्यात, एवढी अपेक्षा कोणत्याही शास्त्राला मंजूर व्हावी. हे वामपादद्वय धारण करून मी पाटाच्या काठाने निघालो की माझा उजवा पाय स्वतःच्या मताने चालू लागतो. चेअरमन लोटननानांकडे दाद मागितली. त्यांनी बूट उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, चिखलमा कोन देखस?"

होय, मी पाटकरी झालो. तीस वर्षं मुलांना संस्कृत शिकवलं, मुलं संपली, म्हणजे संस्कृत घेणारी संपली, आणि शाळेने मला वेळेआधी मोकळं केलं. कोकिळा वारल्यावर एकट्याला नको झालेलं अमळनेरचं भाड्याचं घर सोडून मी इथे वडिलांच्या दोन खोल्यांत आलो, हे तुला ठाऊक आहेच. आता हे नवं पद.

तू पांझरेच्याच काठचा असलास तरी जन्माचा व्यापारी, म्हणून सांगतो. नदीवर आमचा जुना दगडी बंधारा आहे. त्यातून पाट निघतो आणि चार फडांना पाणी देतो. फड म्हणजे सगळ्यांच्या शेतांचा मिळून एक सलग पट्टा. त्यात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कोणाला पाणी कधी, हे पाटकरी ठरवतो, आणि पाटाच्या तोंडावरच्या दाराची किल्ली त्याच्याकडे असते. वरच्या धरणातून पाणी सोडतं सरकार. आमच्या तोंडातून आत घेतो मी. राज्यघटनेत माझा उल्लेख नाही, पण साखळी ही अशी आहे.

माझी निवड विद्वत्तेमुळे झाली असा गोड गैरसमज मी दोन दिवस बाळगला. मग लोटननानांनीच तो दूर केला: "तुमले वावर नही, भाऊबंद नही, सोयरा नही. बठ्ठा गावमा तुमना सारखा मोकया माणूस दुसरा नही."

आणि इथली आणखी एक रीत. पाणीपाळीच्या हंगामात, म्हणजे आखाजीपर्यंत, पंचांगातल्या अक्षय्य तृतीयेपर्यंत, पाटकऱ्याने कोणाच्याही घरी चहा घ्यायचा नाही. पाणीसुद्धा नाही. एका कपाने वाफा जास्त भिजतो, असा इथला पिढ्यांचा अनुभव आहे. त्यामुळे मी गल्लीतून गेलो की लोक आदराने ओट्यावरून उठतात आणि आत जातात.

फोन करत नाही. तुझ्या उजव्या कानाला माझं अर्धं ऐकू येतं आणि तू पूर्णावर 'बरं बरं' म्हणतोस. पत्राला कान लागत नाहीत. राजकुंवरवहिनींना नमस्कार सांग.

दोन डाव्या पायांचा,
एकनाथ

•

पाडसगाव, ता. अमळनेर
१७ जानेवारी २०२४

प्रिय गुरुजी,

जय जिनेंद्र. तुझा गंभीर विषय दुकानात मोठ्याने वाचला. एक बाई हसता हसता साबण गल्ल्यावर ठेवून गेली. ती परत येईपर्यंत साबण तुझ्या नावावर.

गमबूट माझ्याकडे आहेत. पण मी जोडाने विकतो. तुझ्यासाठी जोड फोडला तर उरलेला डावा कोणाला विकू? तुमच्या संस्थेलाच विकावा लागेल, आणि त्यांना डावे आवडतात असं दिसतं. पायाचा नंबर कळव.

आता माझं ऐक. तू पाण्याचा मालक झालास आणि इकडे आमची नदी म्हणजे क्रिकेटचं मैदान आहे. गावाची विहीर नदीच्या पात्रात. नदी वाहिली तर विहीर भरते, विहीर भरली तर टाकीत चढतं, टाकीत चढलं तर नळ. या वर्षी पाऊसच झाला नाही, म्हणून विहिरीने दिवाळीनंतर हात वर केले. ग्रामपंचायतीने ठराव केला की धरणातून पिण्यासाठी पाणी सोडा. ठराव तहसीलदारांकडे गेला, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून पाटबंधाऱ्याकडे. ठराव नदीपेक्षा जास्त फिरला.

अर्हमचं तेच चालू आहे. "पप्पा, दुकान बंद करा, जळगावला या. बाथरूममध्ये चोवीस तास पाणी आहे." हर्षितानं आमची खोलीसुद्धा लावून ठेवली आहे, गादी नवीन. सून चांगली आहे. पण मी तिथे काय करू? बाल्कनीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजू?

राजकुंवरने तोडगा काढला. तुला माहीत आहे, आमच्या घरी पाणी गाळून घेतात आणि फडक्यात राहिलेले जीव पुन्हा त्याच विहिरीत हळूच सोडतात. टँकर आला की ही रडकुंडीला येते. म्हणते, हे पाणी कुठल्या विहिरीचं कोणाला ठाऊक, यातले जीव मी नेऊन सोडू कुठे? म्हणून तिने अर्हमला सांगितलं: होळीपर्यंत नदी आली तर मी इथेच. नाही आली तर तू म्हणशील तिथे.

म्हणजे आता माझं घर, दुकान, आणि महिन्यातून एकदा एस.टी.ने येऊन माझ्या ओट्यावर बसणारा एक मास्तर, हे सगळं एका पाण्यावर आहे. तुझ्या दारावरूनच येणार ते. जरा लवकर पाठव.

हस्तीमल

•

नवलखेडे
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय हस्तीमल,

नंबर आठ. दोन्ही पायांचा, अद्याप तरी.

परवा मी आणि लोटननाना धुळ्याला गेलो होतो. धरणातलं पाणी कोणाला किती, हे ठरवणारी सभा होती. थंडगार दालन, लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. दुष्काळावर चर्चा करताना बाटल्या भरलेल्या असाव्यात, हा संकेत असावा.

निर्णय असा: धरणात निम्म्याहून कमी साठा. आधी पिण्याचं आरक्षण, मग शेती. आम्हाला मार्चात एकच पाणीपाळी. त्यानंतर खालच्या गावांसाठी नदीत पाणी. त्या वेळी नदीकाठच्या मोटारींची वीज तोडणार आणि आमच्यासारख्या बंधाऱ्यांनी पाटाची तोंडं बंद ठेवायची.

भिंतीवर नकाशा होता. त्यात पांझरा निळी आहे. नकाशा करणारा पावसाळ्यात आला असावा. तुझं गाव शोधलं. ते रेघेच्या अगदी टोकाला, कोणाच्या तरी चहाच्या डागाखाली होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, पाडसगावपर्यंत पाणी पोचेल ना? तिथे लोक थांबले आहेत." साहेबांनी शाखा अभियंत्यांकडे पाहिलं. त्या पावरा मॅडम, तरुण, स्पष्ट. म्हणाल्या, "मध्ये कोणी अडवलं नाही तर पोचेल."

लोटननाना माझा सदरा खाली ओढत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आमना कडथून उनात का त्यासना कडथून?"

मी म्हणालो, "पाटकऱ्याला बाजू नसते, हे तुम्हीच सांगितलंत."

परतीच्या गाडीत त्यांनी शेंगदाणे घेतले. मला देऊ केले नाहीत, रीतच आहे. पण त्यांनी खिडकीकडे तोंड करून खाल्ले.

रात्रीचं जेवण मी अजूनही दोघांचं करतो आणि सकाळी उरलेलं खातो. पाककृतीत एका माणसाचं माप कुठेच दिलेलं नसतं. वहिनींना सांग, नदी येते आहे. मी दारात उभा आहे.

एकनाथ

•

पाडसगाव
२६ फेब्रुवारी २०२४

प्रिय गुरुजी,

तुझं पत्र राजकुंवरला वाचून दाखवलं. 'मी दारात उभा आहे' याच्यावर तिने पदर डोळ्याला लावला. मी म्हणालो, संस्कृत शिकलेली माणसं असंच लिहितात, मनावर घेऊ नको.

इकडे टँकर आठवड्याला येतो. भांड्यांच्या रांगेवरून भांडणं. माझ्या शेजारच्या पिंजाऱ्याशी माझं चाळीस वर्षांत पहिल्यांदा वाजलं, एका हंड्यावरून. रात्री तो स्वतः हंडा घेऊन आला. मग दोघांनाही लाज वाटली आणि हंडा ओट्यावर तसाच राहिला.

अर्हम येऊन गेला. होळीनंतरच्या रविवारी सामान न्यायला टेम्पो, छोटा हत्ती, सांगून ठेवला आहे म्हणे. "कॅन्सल करता येतो पप्पा," असंही म्हणाला. चांगला पोरगा आहे, म्हणूनच जास्त त्रास होतो.

तारीख कळली की लगेच लिही. मी दुकानात नवीन माल भरणं थांबवलं आहे. भरला तर राहायचं ठरलं असं होईल आणि नाही भरला तर जायचं ठरलं असं. सध्या फडताळं अर्धी आहेत.

हस्तीमल

•

नवलखेडे
१३ मार्च २०२४

प्रिय हस्तीमल,

तीन दिवस झोप नाही, त्यामुळे अक्षर माझं नाही असं वाटेल. माझंच आहे.

आमची पाणीपाळी महिन्याच्या सुरुवातीला सुटली. पहिला फड भिजला, दुसरा भिजला, तिसरा भिजत आला. चौथ्यात कांदा उभा आहे, पात पिवळी पडू लागलेली. इतक्यात रविवारी सकाळी पावरा मॅडम जीप घेऊन बंधाऱ्यावर आल्या. आदेश बदलला होता. धरण अपेक्षेपेक्षा लवकर खाली गेलं, म्हणून शेतीची पाळी तिथेच थांबवली आणि नदीत वाहतंय ते पाणी त्या क्षणापासून पिण्याचं. म्हणजे शनिवारी जे शेतीचं होतं ते रविवारी पिण्याचं झालं. पाण्याला कळवलेलं दिसत नव्हतं. ते सवयीने पाटातच शिरत होतं.

मी दार बंद केलं. मॅडमनी स्वतः दाराचं चाक हलवून पाहिलं आणि पुढच्या बंधाऱ्याकडे गेल्या.

आता आमची रीत ऐक. इथे पाळी एकदा सुरू झाली की शेवटच्या वाफ्यात पोचल्याशिवाय पाटाचं तोंड बंद होत नाही. कधीच झालेलं नाही. कमी पाणी असेल तर सगळ्यांचं कमी. पण शेवटचा कोरडा, असं नाही. चार पिढ्यांचं हे एकमेव संविधान. वरच्या फडाचा माणूस खालच्याचं पाणी तोडत नाही, तो यामुळेच.

दुपारपासून चौथ्या फडाची माणसं बंधाऱ्यावर येऊन बसली. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला सोपं झालं असतं, शाळेची सवय आहे. ताईबाई म्हणून एक विधवा बाई आहे, अर्धा एकर कांदा. ती एवढंच म्हणाली, "तीन फड भरनात, गुरुजी. आम्ही काय फक्त देखत ऱ्हावानं का?"

मी विचार केला, आणि मला वाटतं नीट केला. दार पूर्ण उघडायचं नाही, अर्धं उघडायचं. निम्मं पाणी नदीत चालू राहील, निम्मं दोन दिवस चौथ्या फडाला. मग पूर्ण बंद. कोणाचंच तोडायचं नाही. तुमच्याकडे पाणी येणारच, फक्त दोन दिवस उशिरा. वहिनींना सांग, पाहुणा वाटेत जेवायला थांबला आहे.

काल संध्याकाळी शेवटचा वाफा भिजला आणि मी दार लावलं. पाटावरून घरी येताना अंधारात कोणीतरी "राम राम गुरुजी" म्हणालं. कोण ते दिसलं नाही. या गावात मला आपणहून कोणी राम राम केल्याची ही पहिली वेळ.

न्याय अर्ध्या दारातूनही जातो, असं मला आज वाटतं आहे. आता झोपतो.

एकनाथ

•

पाडसगाव
१४ मार्च २०२४

प्रिय गुरुजी,

तुझं पत्र नाही, पण वरून माणसं सांगत येतात. पाणी निघालं! परवा वरच्या पुलाखाली होतं, काल टेकडीच्या वळणाशी. आमच्यापासून तिथपर्यंत पोरं सायकलवर जाऊन बघून येतात आणि प्रत्येक जण वेगळं सांगतो.

राजकुंवरने सगळी पिंपं घासली. गुडघ्याचा 'ग' काढला नाही. गाळायचं फडकं नवीन फाडलं. मी अमळनेरहून माल मागवला, साबण, दोर, बादल्या. फडताळं भरून टाकली. अर्हमला फोन केला की छोटा हत्ती कॅन्सल कर. त्याला काय ऐकू आलं आणि मला काय ऐकू आलं देव जाणे, पण मी हसत होतो एवढं त्याला कळलं.

तू दारात उभा होतास, पाणी आलं. मानलं तुला.

हस्तीमल

•

जळगाव
११ एप्रिल २०२४

प्रिय एकनाथ,

पत्ता बदलला आहे, वर लिहिला नाही कारण मलाच नीट पाठ नाही. पाकिटावर हर्षिताने लिहिला आहे, तो उतरवून घे.

राजकुंवरचे गुडघे फार दुखायला लागले. इथे डॉक्टर जवळ आहे. म्हणून आलो. मुख्य कारण तेच.

पाण्याचं विचारशील म्हणून सांगतो. ते टेकडीच्या वळणापर्यंत आलं. आम्ही सगळे बघायला गेलो, राजकुंवरला रिक्षात बसवून नेलं. पुढे फेस, त्यात काटक्या, पाला, असं हळूहळू सरकत येत होतं. बायकांनी हळद-कुंकू आणलं होतं. मग ते सरकायचं थांबलं. आम्हाला वाटलं खड्डा भरतोय. संध्याकाळपर्यंत बसलो. आम्हाला सूर्यास्ताआधी जेवायचं असतं, ती तशीच उपाशी बसली. सकाळी पोरं गेली तर फेस जागेवर वाळला होता, पाणी मागे गेलं होतं. वाळूने प्यायलं. पुढे वरून यायचं ते थांबलं, आरक्षणाचं पाणी संपलं म्हणाले. आता गावात रोज टँकर आहे, तशी सोय बरी आहे.

दुकानातला भरलेला माल शेजारच्या पिंजाऱ्याने घेतला. इथे नळाला फिल्टर आहे. राजकुंवर सकाळी फडकं बांधते, मग सोडते आणि घडी करून ठेवते.

तुझं मार्चचं पत्र मिळालं. अक्षर बिघडलं होतं. झोपत जा.

सोबत आठ नंबरचा उजवा बूट पाठवला आहे. जोड फोडला.

हस्तीमल

•

नवलखेडे
११ मे २०२४

प्रिय हस्तीमल,

बूट मिळाला. तक्रार अशी की तो बरोबर बसतो. चार महिने मी माझ्या तिरक्या चालण्याचं सगळं खापर पादत्राणांवर फोडत होतो. आता ती सोय राहिली नाही.

उत्तराला महिना लागला. या महिन्यात पावरा मॅडम एकदा येऊन गेल्या. त्यांना चौथा फड हिरवा दिसला. त्यांनी कागद काढला नाही, मला काही विचारलंही नाही. बंधाऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, कोरड्या वाळूत पाण्याला मागून ढकलायला पाणीच लागतं. पूर्ण पाणी आठ दिवसांत जिथे जातं, तिथे निम्मं पाणी सोळा दिवसांत जात नाही. ते जातच नाही." एवढं सांगून त्यांनी बाटलीतलं पाणी प्यायलं आणि मलाही दिलं. मी घेतलं. त्यांचं शेत इथे नाही.

मी फड चार मोजले होते. नदीच्या हिशेबाने शेवटचा फड तुझं गाव होतं. मी ज्या रीतीला धरून दार उघडलं, तीच रीत ते बंद ठेवायला सांगत होती. हे मला तेव्हा दिसलं नाही, कारण माझा पाट बंधाऱ्यापाशी सुरू होतो आणि कांद्यापाशी संपतो, असं मला वाटत होतं.

तू गुडघ्यांचं लिहिलंस. वाचलं. वहिनींचे गुडघे मी तीस वर्षं ओळखतो, ते बिचारे इतके वाईट नाहीत. तू मला शिव्या द्यायला हव्या होत्यास. तू 'झोपत जा' लिहिलंस, आणि मायन्यात 'गुरुजी'सुद्धा लिहिलं नाहीस.

काल आखाजी झाली. हंगाम सुटला. गल्लीत झोके बांधले होते, माहेरी आलेल्या मुली गाणी म्हणत होत्या. ताईबाईने दारातून हाक मारली, "या गुरुजी, बठा. च्या ल्या." मी बसलो. जानेवारीनंतर परक्या घरचा पहिला चहा. साखर फार होती. लोटननानाही होते, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आते तुम्ही आमनाच शेतस." आता मी त्यांचाच आहे म्हणे. मला बरं वाटलं, हस्तीमल. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. दुसरा कप मी मागून घेतला.

पुढच्या वर्षीही मलाच पाटकरी करायचं ठरलं आहे. मार्चात मॅडम पुन्हा आदेश घेऊन येतील आणि दार बंद करायला सांगतील. पाडसगावात तेव्हाही माणसं पिंपं घासून बसलेली असतील. तुझा तो पिंजारी असेल. या वर्षी तिथे तू होतास, तरी मी दार उघडलं. पुढच्या वर्षी खाली माझं ओळखीचं कोणी नाही, आणि इथे मला चहाला बोलावणारी माणसं आहेत.

मी ते दार बंद करीन असं मला वाटत नाही. काळजी एवढीच आहे.

एकनाथ